जुन्या अंकचिन्हांना युनिकोडमध्ये स्थान मिळवण्याचा अर्ज : सिंहल इलक्कमच्या उदाहरणासह

श्रीलंकेतील कँडीच्या राज्यात संख्या लिहिण्यासाठी 'सिंहल इलक्कम' ही अंकचिन्हे प्रचारात होती. १८१५ मध्ये कँडीचे सरदार आणि ब्रिटिश गव्हर्नर रॉबर्ट ब्राउनरिग यांच्यात झालेल्या कराराच्या सिंहली मजकुरातील कलमांना हेच आकडे घातलेले आहेत. असा दस्तऐवज संगणकावर जसाच्या तसा उतरवायचा, तर प्रत्येक चिन्हाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असावा लागतो. इलक्कमला तो २०१४ मध्ये, जगातील लिप्यांच्या चिन्हांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या ७.० आवृत्तीत मिळाला. आपली मोडीही त्याच आवृत्तीत आली; त्यामुळे जुन्या दप्तरांत एखादे न नोंदलेले चिन्ह आढळल्यास मराठी अभ्यासकांनाही हाच मार्ग खुला आहे.

अर्ज कोणतीही व्यक्ती किंवा संस्था करू शकते. त्यासाठी युनिकोडचे सभासदत्व लागत नाही. खरी कसोटी चिन्हाच्या पात्रतेची असते. ते प्रत्यक्ष लेखनात वापरले गेलेले असावे, नव्याने रचलेले नसावे, आणि आधीच नोंदलेल्या चिन्हाचे केवळ निराळे वळण नसावे.

अर्जासोबत विहित सारांश-नमुना, चिन्हांचा तक्ता, प्रस्तावित इंग्रजी नावे, तक्ता छापण्यासाठी फाँट आणि मूळ कागदपत्रे, शिलालेख किंवा ग्रंथ यांतील वापराची सुवाच्य छायाचित्रे संदर्भांसह द्यावी लागतात. माझ्या मते अर्जाचा जीव या छायाचित्रांत असतो, कारण चिन्ह एकटे दाखवून भागत नाही. ते ओळीत, इतर मजकुराच्या संगतीत दिसले पाहिजे.

गुणधर्मांचा, म्हणजे संगणकाने चिन्ह कसे हाताळावे हे सांगणारा रकाना मात्र सर्वाधिक काळजीने भरावा. इलक्कममध्ये शून्य नाही. १ ते ९, १० ते ९० हे दशक, १०० आणि १००० अशी एकूण २० चिन्हे आहेत, म्हणून त्यात १२ लिहिताना दहाचे चिन्ह आणि त्यापुढे दोनाचे चिन्ह येते. याउलट जन्मपत्रिकांत वापरल्या जाणाऱ्या 'लित् इलक्कम' या दुसऱ्या सिंहली संचात शून्यासह दहा अंक असून ते आपल्या अंकांप्रमाणे स्थानमूल्याने चालतात. लित् अंकांना 'दशमान अंक' हा गुणधर्म दिलेला आहे, तर इलक्कमच्या चिन्हांना केवळ संख्यामूल्य. हा भेद अर्जात सुटला असता, तर दहा आणि दोन ही चिन्हे बारा म्हणून वाचण्याचा नियमच संगणकाला चुकीचा मिळाला असता.

अर्ज इंग्रजीत करावा लागतो. त्याआधी प्रस्तावित चिन्हांची प्रकाशित यादी पाहून घ्यावी. दाखल झालेल्या अर्जाची प्रथम लिपीतज्ज्ञांचा गट छाननी करतो आणि बहुधा दुरुस्त्या सुचवतो. त्यानंतर युनिकोडची तांत्रिक समिती निर्णय घेते, आणि आयएसओ/आयईसी १०६४६ या समांतर आंतरराष्ट्रीय मानकासाठी राष्ट्रीय मानक संस्थांचे मतदान होते. या सगळ्याला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. एकदा प्रसिद्ध झालेले चिन्ह काढून टाकता येत नाही आणि त्याचे अधिकृत नावही बदलता येत नाही, म्हणून नावांचे स्पेलिंग त्या भाषेच्या जाणकारांकडून तपासून घेऊनच अर्ज पाठवावा.