पाय उडणं वेगळं, पाय हलवणं वेगळं

मणक्याला मार लागलेला माणूस घरात असला की हा घोळ होतोच, आमच्याकडं पण झाला. माझे मामा खानापूर तालुक्यातले, मिरगाच्या आधी कौलं परतायला वर चढले आणि तिथनं पडले, छातीच्या मणक्याला मार, रिपोर्टवर डी ८, म्हणजे छातीतला आठवा मणका. पाय नुसते लोळागोळा. दीडेक महिन्यानं मामीनं पायावरची चादर ओढली आणि उजवा पाय गुडघ्यात वाकून सटकन वर आला. मामी ओरडलीच, "अरे, पाय हालालाय बघ!" गल्लीत पेढे वाटून झाले. तेल चोळायला येणाऱ्या माणसानं तर माझ्या तेलानं नस मोकळी झाली म्हणत पैसे वाढवून घेतले, त्याचा मला अजून राग येतो.

मामांनी पाय हलवला नव्हता, तो उडला होता.

मज्जारज्जू, म्हणजे मणक्यातनं जाणारी नसांची दोरी, ही नुसती मेंदूची वायर नाही, त्याचं स्वतःचं पण काम चालतं. चटका बसला की मेंदूला कळायच्या आधीच हात मागं येतो ना, तो तिथलाच कारभार. मार लागल्यावर खालचा भाग काही दिवस, काही आठवडे गप्प पडतो, मग जागा होतो, पण वरनं मेंदूचा लगाम नसतो, त्यामुळं चादर घासली, गार वारा लागला तरी पाय झटका देतो. मामांना थांबवा म्हटलं तरी त्यांच्याच्यानं थांबत नाही. कमरेच्या अगदी खालच्या मणक्यात मार असेल तर मात्र झटके बहुतेक येतच नाहीत, पाय ढिलाच राहतो.

हलवणं म्हणजे हुकूम वरनं जाणं. फिजिओ मॅडमनी आम्हाला दाखवलं. पायाला हात लावायचा नाही, नुसतं म्हणायचं "मामा, अंगठा वर करा", मग "सोडा", परत "करा". दर वेळी सांगितल्यावरच होत असेल तर ते खरं. आणि खरं असतं ते सुरवातीला फार बारीक असतं, झटक्यासारखं दणक्यात नाही, कधी अंगठा दिसायला हलत पण नाही, नडगीच्या बाजूला बोट ठेवलं तर आत स्नायू जरासा ताठतो तेवढंच. मोठ्या झटक्याला पेढे आणि ह्या बारक्या ताठण्याकडं कुणाचं लक्षच नाही, असं उलटं होतं बघा घरोघरी.

ह्यावर संशोधन पण मोठं चाललंय. अमेरिकेत लुईव्हिलमध्ये रॉब समर्स नावाच्या तरुणाच्या मज्जारज्जूवर विजेची पट्टी बसवली, 2011 मध्ये ते छापून आलं. गाडीनं उडवल्यापासून त्याचे पाय बंद होते, पण करंट चालू असताना तो उभा राहिला आणि सात महिन्यांनी सांगितल्यावर पाय, अंगठा हलवायला लागला. करंट बंद केला की नाही. म्हणजे पूर्ण तुटलंय असं वाटत होतं तिथं पण काही धागे शिल्लक होते.

झटके वाईटच असतात असं नाही, त्यानं स्नायू जरा टिकतो. पण अचानक वाढले तर लक्ष द्या. मामांचे एका आठवड्यात इतके वाढले की खुर्चीतनं घसरायला लागले, आम्ही झटक्याच्या गोळ्या वाढवा म्हणून मागं लागलो आणि निघालं काय तर लघवीत इन्फेक्शन. खाली कळत नाही ना त्यांना, जळजळ नाही की दुखणं नाही, पायच सांगत होता. बेडसोअर, म्हणजे पडून पडून जखम, झाला, पोट साफ नसलं तरी असंच होतं, म्हणून आता झटके वाढले की मामी आधी त्यांना कुशीवर करून पाठ बघते, मग लघवीची पिशवी.