बोट आत न घालता उघडणारी कागदी पिशवी
किराणा दुकानदारांसाठी माहितीपत्रक

दुकानात गर्दी असते. काउंटरवरचा माणूस एका हाताने माप भरतो आणि दुसऱ्या हाताने गठ्ठ्यातली कागदी पिशवी ओढतो. पिशवी काही उघडत नाही. तोंडाच्या दोन्ही कडा तंतोतंत एकावर एक बसलेल्या असतात, कोरडी बोटे त्यांवरून नुसती घसरतात. मग बोटाला थुंकी लागते, नाहीतर पिशवीच्या तोंडात फुंकर मारली जाते, आणि पुढच्याच क्षणाला त्या पिशवीत साखर पडते.

एक मिलिलिटर लाळेत कोट्यवधी जिवाणू असतात. पीठ, डाळ घरी शिजवली जाते. साखर, सुका मेवा, फुटाणे तसेच तोंडात जातात. धोका दुसऱ्या बाजूनेही आहे: नोटा, नाणी आणि माल हाताळलेले बोट त्या माणसाच्या जिभेला दिवसभर लागत राहते. थुंकी लावू नका असे त्याला कितीही बजावले तरी फरक पडत नाही, कारण अडलेली पिशवी उघडायला त्याच्याकडे दुसरा उपायच नसतो. तो उपाय पिशवीतच असायला हवा, असे आम्हाला ठामपणे वाटते. या पत्रकात आमची पिशवी कशी घडवली आहे आणि तशी का, ते सांगितले आहे. तुम्ही पिशव्या आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, निवडताना काय पाहावे हे यातून कळेल.

पिशवी चिकटते कशामुळे

पिशवीच्या यंत्रावर कागदाची सलग नळी तयार होते आणि दातेरी पाते तिचे तुकडे पाडते. पाते बोथट झाले की ते कागद कापण्याऐवजी चेंगरते. दोन्ही बाजूंचे तंतू कडेवर एकमेकांत दाबले जातात आणि तोंड जणू शिवल्यासारखे बंद होते. उभ्या जोडाला खळ जास्त लागली तर ती आतल्या बाजूला पाझरते आणि तोंडाशी एखादा ठिपका चिकटून बसतो. हे दोन दोष कारखान्यातले आहेत. पिशव्या तयार करणाऱ्याने ते तिथेच थांबवायला हवेत.

तिसरे कारण हवेचे. गठ्ठा दाबून बांधला की पिशवीतली हवा निघून जाते. दोन पदर वेगळे व्हायचे तर हवा परत आत शिरली पाहिजे, आणि तिला वाट फक्त तोंडातून असते. दोन्ही कडा समान उंचीच्या असतील तर ती वाट बंदच राहते. त्यात हवामानाची भर पडते. फार दमट नाही आणि फार कोरडी नाही अशा हवेत कागद आपल्या वजनाच्या साधारण 6 ते 8 टक्के पाणी धरून ठेवतो. दमट हवेत त्याच्या कडा आधी फुगतात आणि लहरी होतात, अगदी कोरड्या हवेत घासून स्थिर वीज तयार होते आणि पदर एकमेकांना ओढून धरतात.

तोंडाची रचना

आमच्या पिशवीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा 15 मिलिमीटर उंच असते. ही जास्तीची पट्टी हात लावण्यासाठीच ठेवली आहे. तिला आम्ही धरपट्टी म्हणतो. धरपट्टी चिमटीत धरायची आणि पिशवी एकदा खाली झटकायची. पुढची कड आखूड असल्याने मोकळी असते, हवा तिच्याखाली शिरते, बाजूच्या घड्या उलगडतात आणि तळ चौकोनी होऊन पसरतो. सगळे काम एका हाताने आणि कोरड्या बोटांनी होते. हातमोजे घातलेले असले तरी अडत नाही. वयामुळे बोटांतली पकड कमी झालेल्या माणसालाही ती सहज उघडता येते.

यात बोट पिशवीच्या आत जातच नाही. धरपट्टीच्या आतल्या अंगाला अंगठा लागतो एवढेच, आणि तिथपर्यंत माल पोचत नाही, कारण भरण्याची रेषा तिच्या बरीच खाली असते. तोंड बंद करताना मात्र एक काळजी घ्या: पहिली दुमड पुढच्या बाजूवर घ्या. तशी घेतली की धरपट्टी पुढच्या कडेवरून बाहेर येते आणि अंगठा लागलेला भाग पिशवीच्या बाहेरच्या अंगावर टेकतो. मागच्या बाजूवर दुमडल्यास पट्टी बंद होणाऱ्या तोंडाच्या टोकाशी उघडी राहते आणि घडी सैल बसते.

अर्धचंद्राच्या आकाराची खाच हा जुना आणि स्वस्त मार्ग. पुढच्या बाजूच्या मधोमध कागद कापला की अंगठा थेट मागच्या बाजूवर टेकतो. पाव किलोपर्यंतच्या पिशव्यांना ती पुरते आणि आम्ही तीही करून देतो. पण खाचेतून अंगठा टेकतो ती जागा कडेपासून थोडी खाली असते, आणि घाईत पिशवी काठोकाठ भरली तर माल तिथे लागतो. म्हणून अर्धा किलो आणि त्याहून मोठ्या पिशव्यांसाठी आमचा आग्रह धरपट्टीचाच आहे.

दिवसभर एकाच मापाच्या पुड्या बांधणाऱ्या दुकानांसाठी धरपट्टीत दोन भोके पाडता येतात. गठ्ठा काउंटरवरच्या दोन खुंट्यांवर अडकवायचा, सर्वात पुढची पिशवी तिथेच उघडायची, भरायची आणि खाली ओढून घ्यायची. भोकांच्या वर कागद अरुंद ठेवलेला असल्याने तो लगेच सुटतो. तो सुटलेला तुकडा मालात पडू नये म्हणून खुंट्या मापाच्या तोंडापासून दूर बसवा.

दर लॉटमधल्या काही पिशव्या आमच्याकडे कोरड्या बोटांनी, एका हाताने उघडून पाहिल्या जातात. एक जरी अडली तरी पाते आणि खळेचे प्रमाण तपासल्याशिवाय काम पुढे जात नाही.

चौकोनी तळ आणि बाजूच्या घड्या

अमेरिकेत फ्रान्सिस वोल यांनी 1852 साली कागदी पिशव्या बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या पिशव्या पाकिटासारख्या चपट्या होत्या, उभ्या राहत नसत. सपाट तळाची पिशवी दुमडून चिकटवणारे यंत्र मार्गारेट नाइट यांनी तयार केले. त्यांच्या यंत्राची नक्कल करून दुसऱ्यानेच पेटंट मागितले, तेव्हा त्या लढल्या आणि 1871 साली पेटंट मिळवले. पुढे 1883 साली चार्ल्स स्टिलवेल यांनी बाजूला घड्या असलेली, झटकताच उघडून आपली आपण उभी राहणारी पिशवी आणली. आजच्या किराणा पिशवीचा सांगाडा तोच आहे. तळ आणि बाजू तेव्हापासून उत्तम आहेत, आमचे बरेचसे काम तोंडावरच झाले आहे.

पिशवी स्वतः उभी राहिली की भरणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे होतात आणि पिशवी सावरायला आत बोटे घालावी लागत नाहीत. त्यामुळे सपाट तळ हाही आमच्या दृष्टीने स्वच्छतेचाच भाग आहे.

कागद, खळ आणि शाई

अन्न थेट लागणार त्या पदरासाठी आम्ही नव्या लगद्याचा क्राफ्ट कागद (लाकडाच्या लगद्याचा मजबूत कागद) वापरतो. रद्दीपासून केलेल्या कागदात जुन्या छपाईच्या शाईतली खनिज तेले उरू शकतात आणि ती हळूहळू कोरड्या धान्यातही उतरतात. पुनर्वापराचा कागद चांगला आहे, पण त्याची जागा बाहेरच्या पदरात किंवा वाहतुकीच्या वेष्टनात. पिशवी पर्यावरणस्नेही आहे एवढे ऐकून अन्नासाठी ती घेऊ नका, आतला कागद कोणता ते विचारा.

तेलकट मालासाठी साधा कागद चालत नाही, डाग बाहेर येतो आणि कागद मऊ पडतो. तेल अडवण्यासाठी अनेक वर्षे फ्लोरिनयुक्त रसायनांचा थर वापरला जात असे. ती रसायने निसर्गात लवकर विघटित होत नाहीत. डेन्मार्कने 2020 साली अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांवर बंदी घातली. आम्ही ती वापरत नाही. तेलकट मालासाठी दाट घोटलेल्या, तेल न शोषणाऱ्या कागदाचा वेगळा आतला पदर देतो. त्याने किंमत वाढते, हे आधीच सांगून ठेवतो.

तळाला स्टार्चची खळ असते. ती निर्धोक आहे, मात्र ओल लागली की सुटते आणि कीटकांना आवडते. छपाई फक्त बाहेरून आणि पाण्यावर आधारित शाईने होते. शाई पुरती सुकण्याआधी कागद रिळावर गुंडाळला तर बाहेरची शाई आतल्या अंगाला उमटते. तुमच्या पिशवीच्या आत पुसट उलटी अक्षरे दिसली तर तो लॉट परत करा, मग तो कोणाचाही असो. धरपट्टी आम्ही कोरीच ठेवतो.

पिशवीचे तोंड स्टेपलरच्या पिनेने बंद करू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. निसटलेली पिन पिठात दिसत नाही आणि चाळणीत प्रत्येक वेळी अडेलच असे नाही. दोन दुमडी आणि वर कागदी चिकटपट्टी पुरेशी आहे. चिकटपट्टीचे एक टोक दुमडून मोकळे ठेवले तर घरी पिशवी फाडावी लागत नाही. कागदाचे तंतू पिशवीच्या उंचीच्या दिशेने असतात, त्यामुळे वरून फाडलेली पिशवी सरळ खालपर्यंत चिरत जाते आणि माल सांडतो.

माप

एक किलो मालाला एक किलोची पिशवी, असा सरसकट हिशेब चुकतो. एक किलो साखर साधारण 1.2 लिटर जागा घेते. एक किलो पीठ त्याच्या दीडपट, म्हणजे 1.8 लिटरच्या आसपास. ताजे दळलेले आणि हवा भरलेले पीठ आणखी फुगलेले असते. समजा पिशवीचा तळ 12 सेंटिमीटर बाय 8 सेंटिमीटर आहे, म्हणजे 96 चौरस सेंटिमीटर. त्यात साखर साडेबारा सेंटिमीटरपर्यंत चढेल आणि पीठ जवळजवळ 19 सेंटिमीटरपर्यंत. दोन दुमडींसाठी वर 6 ते 7 सेंटिमीटर मोकळे हवेत. याचा अर्थ साखरेला 19 ते 20 सेंटिमीटर उंचीची पिशवी लागेल आणि पिठाला 26 सेंटिमीटरची. पिठासाठी साखरेची पिशवी वापरली की ती काठोकाठ भरते, तोंड नीट बंद होत नाही आणि माल हात लावण्याच्या जागेपर्यंत येतो. मापाची चूक अशी थेट स्वच्छतेवर येते.

80 जीएसएम (दर चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या) कागदाची ही 26 सेंटिमीटरची पिशवी साधारण 10 ग्रॅम भरते. काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणा. गिऱ्हाइकाने पैसे मालाचे दिलेले असतात.

पाच किलो आणि पुढच्या पिशव्या

इथे एकच जाड कागद घेण्यापेक्षा दोन पातळ पदर चांगले. वजन पेलताना ते एकमेकांवर सरकतात आणि घडीवर तडकत नाहीत. बाहेरचा पदर ओरखडला तरी आतला शाबूत राहतो. या पिशव्यांचे तोंड शिवून बंद करतात. एकेरी धाग्याची साखळी शिलाई घातली तर ती संपते त्या टोकाकडून योग्य धागा ओढताच पूर्ण उसवते, कात्री लागत नाही. चुकीच्या टोकाकडून ओढली तर धागा आवळला जातो आणि गिऱ्हाईक वैतागून चाकू घालते. म्हणून उसवण्याच्या टोकाला आम्ही बाण छापतो, आणि भरताना पिशवी त्याच दिशेने शिलाई यंत्रात घाला असे तुमच्या माणसाला जरूर सांगा. सुईच्या भोकांतून पीठ गळते आणि किडे आत शिरतात, त्यासाठी शिलाईवर कागदी पट्टी चिकटवलेली असते.

दुकानात ठेवताना

आमचा गठ्ठा पूर्ण कागदात गुंडाळून येतो. वेष्टन तोंडाच्या बाजूने फाडू नका, तळाच्या बाजूने उघडा आणि लागतील तेवढ्याच पिशव्या बाहेर काढा. उघड्या पिशव्यांच्या तोंडावर दिवसभर धूळ बसते, आणि धरपट्टी कितीही चांगली असली तरी ती धूळ मालात जाणारच. गठ्ठे जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. साबण, उदबत्ती, रॉकेल यांच्या शेजारी ठेवू नका, कागद वास धरतो. आधी आलेला गठ्ठा आधी संपवा. वापरण्यापूर्वी गठ्ठा दोन्ही हातांनी एकदा वाकवून सोडला की पदरांमध्ये थोडी हवा शिरते. सगळ्या धरपट्ट्या एकाच बाजूला ठेवल्या की हाताला ओळख बसते.

एकदा वापरलेली पिशवी अन्नासाठी पुन्हा भरू नका. सुक्या मालाचे कण घडीत राहतात आणि कीड तिथूनच सुरू होते.

मागणी देताना

पिशवीत कोणता माल भरणार, वजन किती, पिशवी हाताने भरणार की यंत्राने, आणि भरलेला माल फळीवर किती दिवस राहणार, एवढे कळवा. जागा फार दमट असेल तर तेही सांगा. ओलेपणात टिकणारा कागद आणि वेगळी खळ वापरता येते. मोठी मागणी देण्याआधी नमुन्याच्या पिशव्या मागवा आणि त्या तुमच्या रोजच्या मालाने, रोजच्या माणसाकडून, गर्दीच्या वेळी भरून पाहा. त्याचे बोट तोंडाकडे गेले तर कुठल्या पिशवीला गेले ती बाजूला ठेवून आमच्याकडे पाठवा.