विंचूदंश आणि सेकंड इयरचा पेपर
कळवा, नेरूळ, कामोठे इथल्या मेडिकल कॉलेजांत एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्र असतं, मुलांच्या भाषेत 'फार्मा'. औषधांचे गट, डोस, दुष्परिणाम यांची यादी संपता संपत नाही. 'अल्फा ब्लॉकर्सचं वर्गीकरण लिहा' असा प्रश्न आला की पाठांतर पक्कं असलेल्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण ते औषध त्याला कळलंय का, हे त्या गुणांवरून समजत नाही.

त्याच गटातलं प्रॅझोसिन घ्या. ते समजायला आधी एक जुना प्रयोग पाहू.

अ‍ॅड्रेनालिन हे शरीरातलंच संप्रेरक टोचलं की रक्तदाब चढतो. आधी अल्फा ब्लॉकर देऊन मग तेच अ‍ॅड्रेनालिन टोचलं, तर रक्तदाब उलट उतरतो. हेन्री डेल यांनी 1906 मध्ये हे नोंदवलं. रक्तवाहिन्यांवर दोन प्रकारचे ग्राही (रिसेप्टर), म्हणजे अ‍ॅड्रेनालिन जिथे चिकटतं त्या जागा, असतात. अल्फा त्यांना आवळतात, बीटा-2 सैल करतात. एरवी आवळणाऱ्यांची सरशी होते. त्यांनाच अडवलं की सैल करणारे तेवढे उरतात. पूर्वी हा प्रयोग भूल दिलेल्या कुत्र्यावर दाखवत आणि काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर रक्तदाबाची रेघ उमटे. आता तोच आलेख कॉम्प्युटरवर दिसतो. पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत त्यासाठी 'एक्सफार्म' नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. प्राण्यांचा जीव वाचला आणि शिकण्यात काही उणं राहिलं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

परीक्षेत हा आलेख देऊन औषध ओळखायला सांगतात. प्रश्न चांगलाच आहे, पण तो तिथेच थांबतो. तो ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या खेड्यांपर्यंत, विंचू चावलेल्या मुलापर्यंत न्यायला हवा.

लाल विंचवाच्या विषामुळे चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या उघड्याच राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिनचा लोंढा सुटतो. दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो. मग हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. कोकणात यापायी कितीतरी मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात या रुग्णांना प्रॅझोसिन द्यायला सुरुवात केली. तोवर ते रक्तदाबाचं औषध म्हणून माहीत होतं. वादळ अल्फा ग्राहींवर आदळतंय, तर तेच अडवायचे, हा त्यामागचा विचार. मृत्यू झपाट्याने कमी झाले. डेल यांच्या आलेखातलं तत्त्व इथे खाटेवरच्या पोराच्या कामी आलं.

म्हणून मला पेपरात असा प्रश्न हवा: 15 किलो वजनाचं मूल, विंचू चावलेला, घामाने निथळतंय, हात थंड. काय द्याल, किती, का? डोस किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 450 मायक्रोग्रॅम; एक मिलिग्रॅमच्या गोळीच्या अर्ध्याहून जरा कमी. मायक्रो आणि मिलीची गल्लत झाली तर डोस हजारपट चुकतो. (हा घरी करायचा उपाय नव्हे, मुलाला तडक दवाखान्यात न्यायचं.) व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पुढे विचारावं: सावकाश विरघळणारी गोळी चालेल का? नाही, औषध लगेच रक्तात उतरायला हवं, आणि तसली गोळी मोडून देता येत नाही. घाम थांबवायला अ‍ॅट्रोपिन? तेही नाही, कारण आधीच धावणारं हृदय त्याने आणखी पळेल. ही उत्तरं गाइडमधून उतरवता येत नाहीत, यंत्रणा समजली असेल तरच सुचतात.

2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी औषधाबद्दल बोलणं हेही शिकवायचं आणि तपासायचं कौशल्य आहे. माझ्या मते याला अजून पुरेसे गुण नाहीत. प्रॅझोसिननंतर मूल एकदम उभं राहिलं तर रक्तदाब कोसळू शकतो. ही गोष्ट इंग्रजीत फार्मा शिकलेल्या मुलाला मुरबाडच्या आईला मराठीत सांगता यायला हवी. प्रॅक्टिकलच्या एका टेबलावर कुणाला तरी आई म्हणून बसवावं आणि परीक्षकाने फक्त ऐकावं: "ताई, औषध दिलंय. आता याला आडवंच राहू द्या. रडला तरी कडेवर घेऊ नका, उठवून बसवू नका. धाप लागली, खोकला आला तर लगेच हाक मारा."