पुण्यातले एक दशक आणि दोन मराठी

१८७३ साली जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. दोघेही पुण्याचे. 'गुलामगिरी'त धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, आणि वाक्ये पारावरच्या बोलण्यासारखी थेट येतात. 'निबंधमाले'त संस्कृत शब्दांची रेलचेल आणि इंग्रजी निबंधाच्या वळणाची, पोटवाक्यांनी लांबलेली वाक्ये. आता सांगा, त्या काळी पुण्यात मराठी कशी बोलत असत?

यातल्या एकावरच भिस्त ठेवली तर उत्तर चुकणारच. जुन्या माणसांचे बोलणे ऐकायची सोय नाही, हाती असतात फक्त कागद. आणि कागदावर कोणाची मराठी उतरायची हे त्या त्या काळचे दरबार, छापखाने आणि वाङ्मयीन चळवळी ठरवत आल्या. फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५चे. त्यात कुणबी जोडपे आहे, जोशी आहे, पाद्री आहे, विदूषक आहे. बोलींच्या अभ्यासकाला आणखी काय हवे? पण मराठी पुस्तकांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. तोवर एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याबद्दलची बहुतेक मते पक्की होऊन बसली होती.

शब्द मोजून भाषेचा अंदाज घेण्याची पद्धत पुण्याला नवी नाही. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या वि. का. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले फारसी आणि मराठी शब्द वेगळे काढून मोजले होते, तेही संगणकाशिवाय. पत्रव्यवहारातल्या फारसी शब्दांचे प्रमाण १६३०च्या सुमाराला ८० टक्क्यांच्या घरात होते, ते १६७७पर्यंत ३७ टक्क्यांवर आले, असे आकडे नेहमी दिले जातात. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला तोही याच काळात. भाषणांत हे आकडे ऐकले की टाळ्या पडतात. मात्र १६३० नंतरच्या त्याच वर्षांत पुण्याजवळ देहूत तुकाराम अभंग रचत होते. दहातले आठ शब्द फारसी असलेला त्यांचा एक तरी मराठी अभंग कोणी काढून दाखवावा! म्हणजे पालटली ती मुख्यतः दप्तराची भाषा. शिवाय 'जमीन', 'कागद', 'दुकान', 'वसूल' हे शब्द कोशाला न जुमानता आजही जागच्या जागी आहेत.

म्हणूनच अभ्यासक नामांपेक्षा प्रत्यय आणि सर्वनामे यांच्यावर जास्त विश्वास ठेवतात. नाम मुद्दाम बदलता येते. प्रत्ययाकडे बोलणाऱ्याचे लक्षच नसते. ज्ञानेश्वरीतले 'म्यां' आणि 'तुवां' जाऊन त्या जागी 'मी' आणि 'तू' आले, ते कोणत्याही कोशाने किंवा चळवळीने घडवले नाही. अर्थात इथेही एक गोम आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची, पण घरोघर नकलणाऱ्यांनी तिच्यात आपापल्या काळाची रूपे घातली. एकनाथांनी १५८४ साली पाठशुद्धी केली ती त्यामुळेच. हाती आलेले रूप कवीचे की नकलणाऱ्याचे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लिपीही फसवते. पेशव्यांच्या कारभाराचे कागद असलेल्या पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की मोडीची ओळ धावत सुटते: शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणाऱ्याचा 'इ' आखूड होता की लांब, ते त्या कागदावरून कळायचा मार्गच नाही. छापील मजकुराची तऱ्हा उलटी. 'असें झालें' असे अनुस्वार बोलण्यातून गेल्यावरही छापले जात होते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढले. नुसता छापील मजकूर संगणकाला दिला तर त्या साली सगळा महाराष्ट्र एकाएकी नाकात बोलायचा थांबला, असा निष्कर्ष निघेल. १९७२मध्ये नामदेव ढसाळांच्या 'गोलपीठा'तून मुंबईच्या गल्ल्यांतले शब्द कवितेत आले, त्यांचेही तसेच. ते तोंडी होतेच, कवितेत यायला वेळ लागला.

डेक्कन कॉलेजने अलीकडे राज्यभर फिरून बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे, पण ते आजचे. थोडे मागे जायचे तर हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यात बसवलेले जात्यावरच्या ओव्यांचे काम पाहावे. मुळशी-मावळासह अनेक भागांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या प्रकल्पात जमल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित आहेत. कोणत्याच वाङ्मयीन चळवळीने या बायकांना लिहायला सांगितले नव्हते. ओवीच्या चालीत जुनी रूपे टिकून राहतात, त्यामुळे हेही रोजचे बोलणे म्हणून जसेच्या तसे धरता येत नाही. पण बाई 'तिनं' म्हणते की 'तिने', 'इ' ऱ्हस्व की दीर्घ, एवढे तरी इथे कानाने ठरवता येते.