उधारी विकली की गहाण टाकली?

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं आणि इथल्या ज्युनिअर वकिलांचे प्रश्न बदलले. परवा एकीनं विचारलं, "सर, परदेशात बँका क्रेडिट कार्डांची येणी विकतात, म्हणजे नेमकं काय विकतात?"

मी तिला आधी शाहूपुरीत नेलं. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या या पेठेत गुळाचा अडत्या शेतकऱ्याची पट्टी चुकती करायचा. गुजरातच्या व्यापाऱ्याकडून पैसे मागाहून यायचे. मधल्या दिवसांची सोय हुंडीनं, म्हणजे मुदतीआधी विकता येणाऱ्या पैशाच्या चिठ्ठीनं, व्हायची. येणं हीसुद्धा विकता येणारी वस्तू आहे, हे बाजाराला पक्कं ठाऊक होतं.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३० मध्ये याचाच नियम आहे. येणं विकायचं तर विकणाऱ्याच्या सहीचा लेख हवा. त्याखालचं उदाहरण मला फार आवडतं: 'अ' हा 'ब'चा देणेकरी. 'ब'नं ते येणं 'क'ला दिलं, पण 'अ'ला नोटीस गेली नाही. 'ब'नं मागितले म्हणून 'अ'नं त्यालाच पैसे दिले. 'अ' मोकळा झाला, आणि 'क'ला त्याच्यावर दावा लावता येत नाही.

अमेरिकेत १९७० साली गृहकर्जांच्या गठ्ठ्यांवर रोखे, म्हणजे गुंतवणूकदारांना विकायचे कागद, निघाले, १९८५ ला संगणकांच्या भाडेकरारांवर, आणि १९८७ च्या सुमारास क्रेडिट कार्डांवर. कार्डाचं येणं मोठं चंचल. आज पाच हजार बाकी, पुढच्या महिन्यात शून्य, मग पुन्हा बारा हजार. रोखा मात्र काही वर्षांचा. म्हणून खातं बँकेकडेच ठेवून त्या खात्यावरची आजची आणि पुढे होणारी सगळी येणी ट्रस्टला, म्हणजे गुंतवणूकदारांसाठी ती सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेला, विकायची अशी रचना झाली. ठरलेल्या काळात वसुलीतून ट्रस्ट नवी येणी घेत राहतो. वसुली ढासळली तर नवी खरेदी थांबते आणि गुंतवणूकदारांची मुद्दल मुदतीआधीच परत करायला सुरुवात होते.

पण अजून जन्मालाच न आलेलं येणं विकता येतं का? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८८८ साली टेलबी खटल्यात हो म्हटलं: ते अस्तित्वात येताच खरेदीदाराचं होतं. या एका निकालावर पुढचे किती करार उभे आहेत!

सगळ्यात बारीक काम ब्रिटनच्या कार्डांत झालं. तिथे तेव्हा विक्रीच्या दस्तावर मुद्रांक शुल्क लागायचं. वकिलांनी विक्रीचा दस्तच केला नाही. बँक फक्त लेखी देकार (ऑफर) द्यायची आणि जर्सी बेटावरचा विश्वस्त पैसे भरून तो स्वीकारायचा. पैसे पोचले की येणं त्याचं. स्टॅम्प लावायला कागदच नाही. २००३ मध्ये ब्रिटननं अशा दस्तांवरचं शुल्क काढलं. आपल्याकडे ही वाट बंदच, कारण कलम १३० ला लेख लागतोच.

मेक्सिको आणि तुर्कस्तानच्या बँकांनी वेगळंच विकलं: परदेशी पर्यटकानं तिथल्या दुकानात कार्ड वापरलं की कार्ड कंपनीकडून बँकेला येणारे डॉलर. कार्ड कंपनीकडून लेखी कबुली घ्यायची की पैसे देशाबाहेरच्या विश्वस्ताच्या खात्यातच जमा होतील. कलम १३० मधल्या 'क'चं दुखणं त्या एका पत्रानं मिटतं.

एवढं करूनही वकिलाच्या अभिप्रायातला मुख्य प्रश्न एकच असतो: उद्या बँक बुडाली तर न्यायालय याला विक्री म्हणेल, म्हणजे येणं खरेदीदाराचंच, की गहाण, म्हणजे येणं अजून बँकेचंच? सीमापार व्यवहारात तो प्रत्येक देशाच्या कायद्यानं तपासावा लागतो. माझ्या मते फीचे खरे पैसे या अभिप्रायाचे.

भारतात येण्यांवर रोखे काढण्याचा आणि थकीत कर्जवसुलीचा सरफेसी कायदा २००२ चा. बँक कर्ज दुसऱ्या बँकेला विकू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलं. रिझर्व्ह बँकेनं मात्र २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅश क्रेडिट (मर्यादेत हवे तसे काढता-भरता येणारं कर्ज) आणि क्रेडिट कार्डांची येणी सिक्युरिटायझेशनमधून, म्हणजे येण्यांवर रोखे काढण्यातून, नाव घेऊन वगळली.

ज्युनिअर थोडी हिरमुसली. तिला म्हटलं, इथल्या शिरोलीच्या फौंड्रीवाल्याकडे बघ. निर्यातीची बिलं तो फॅक्टरला, म्हणजे येणी विकत घेणाऱ्या संस्थेला, विकतो, आणि २०११ च्या फॅक्टरिंग कायद्यामुळे त्या दस्तावर मुद्रांक शुल्क लागत नाही. ब्रिटनच्या वकिलांनी ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते त्याला कायद्यानंच दिलंय. तिनं वहीत कलम १३० शेजारी "नोटीस" लिहून दोनदा अधोरेखित केलं.