दया येते, पाय मात्र थबकतात

मे महिन्यात दुपारी दोनला नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर कुणी चक्कर येऊन पडलं, तर मिनिटभरात दहा-पंधरा माणसं गोळा होतात. हळहळतात सगळेच. तरी अंगावर पहिलं पाणी पडायला आणि १०८ला पहिला फोन जायला वेळ लागतो. ‘माणुसकीच उरली नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान चुकीचं आहे, आणि निदान चुकलं की उपायही चुकतो.

जॉन डार्ली आणि बिब लताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते आणि बोलता बोलता त्यांतल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू यायचा (तो ध्वनिमुद्रित होता). आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असा समज असलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. न उठलेले निर्विकार होते का? मुळीच नाही. संशोधक खोलीत गेले तेव्हा त्यांतल्या अनेकांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. दया आली होती. ‘दुसरा कुणीतरी बघेल’ या विचारात ती अडकून पडली होती.

घाई तर त्याहून वाईट. डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा १९७३चा प्रयोग धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर होता. त्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं आणि वाटेत एक माणूस विव्हळत बसवून ठेवला. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. त्यानेही म्हणावा असा फरक पडला नाही. दयेवरची व्याख्यानं ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

गर्दीची दुसरी बाजूही आहे. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या भांडणांचं २१९ प्रसंगांचं सीसीटीव्ही चित्रण २०१९ साली तपासलं गेलं. दहातल्या नऊ वेळा बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. म्हणजे माणसं मदत करतात. अडतो तो पहिला माणूस. म्हणून गर्दीत ‘अरे, कुणीतरी फोन लावा’ असं ओरडू नये, बोट दाखवून काम वाटावं: ‘निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही १०८ लावा. ताई, समोरच्या रसवंतीतून बर्फ आणता का?’ नेमकं काम मिळालं की बघ्याचा मदतनीस होतो.

यापुढचा अडथळा अज्ञानाचा. ४५ अंशांच्या नागपुरात उन्हाने कोसळलेल्या माणसाजवळ बसून पहिली गोष्ट करायची ती बोलायची. ‘दादा, नाव काय तुमचं? कुठं आहोत आपण?’ उत्तरं नीट आली तर बहुधा उष्णतेचा थकवा असतो. सावलीत आडवं करावं, पाय थोडे उंच ठेवावेत, घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्यावं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायचं. ते पेलाभर पाण्यात ओततात, तिथे गडबड होते: मीठ-साखर दाट झाली की उलटी होते आणि शरीरातलं पाणी उलट आतड्याकडे ओढलं जातं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

उत्तर भलतंच आलं, तोल गेला, शुद्ध हरपत चालली, तर तो उष्माघात समजावा. इथे तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. गिळण्यावर ताबा नसतो, पाणी श्वासनलिकेत जातं. नेमकी हीच चूक सर्वांत जास्त प्रेमाने केली जाते. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हीसुद्धा फसवी समजूत आहे. उन्हात राबणाऱ्या मजुराला उष्माघातातही घाम असू शकतो.

उपाय एकच, थंड करणं, आणि तेही रुग्णवाहिकेची वाट न बघता. साठ किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने उतरवायला साधारण ५० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. त्वचेवरून १०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर सुमारे ५८ किलोकॅलरी घेऊन जातं. प्रत्यक्षात बरंच पाणी ओघळतं आणि वाफेला थोडी उष्णता हवेकडूनही मिळते, त्यामुळे पाणी अनेक पट लागतं. पण नागपूरची कोरडी हवा इथे आपल्या बाजूने आहे. वाळ्याचा कूलर इथे जसा चालतो तसा मुंबईत चालत नाही, त्याचं कारण हेच. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून अंगभर पाणी शिंपडा आणि वर्तमानपत्राने, पुठ्ठ्याने सतत वारा घाला. पाण्याशिवाय नुसता वारा नको, कारण ४५ अंशांची हवा अंगाला तापवते. जाड ओला टॉवेल पांघरून ठेवला तर तोही थोड्या वेळात गरम होतो. बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवावा. रुग्णवाहिकेला उशीर होत असेल तर ऑटोने न्या, मात्र वाटेतही अंग ओलं करत राहा. उघड्या ऑटोतला वारा मग उपयोगी पडतो. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याबद्दल विदर्भात वाद घालण्यात अर्थ नाही, फक्त त्याच्या भरवशावर टोपी घरी ठेवू नये.

रस्ता-अपघातात ‘पोलीस मलाच धरतील’ ही धास्ती असते. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं.

काही दया मात्र मिनिटांची नसते, आठवड्यांची असते. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, वॉर्डाबाहेर गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले नातेवाईक दिवसेंदिवस मुक्काम करून असतात. तानिया झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात एक भेद दिसला. दुसऱ्याचं दुःख स्वतःत ओढून घेण्याचा सराव केला, तेव्हा वेदनेशी निगडित भाग उजळले आणि लोकांना उदास वाटू लागलं. त्याच्या भल्याची इच्छा धरण्याचा सराव केला, तेव्हा जिव्हाळा आणि समाधानाशी निगडित वेगळे भाग. रुग्णाशेजारी बसून त्याच्याइतकंच रडणारा काही दिवसांत यायचा थांबतो, यात नवल नाही. तेव्हा ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका. संकोची माणूस कधीच सांगत नाही. ‘उद्या अकराला दोघांचा डबा आणते, चालेल?’ असं विचारा. डब्यात पोळ्या आणि कोरडी भाजी द्या, उन्हाळ्यात वरण-भात लवकर आंबतो. आणि वॉर्डाच्या भेटीच्या वेळेत तासभर रुग्णाजवळ बसता आलं, तर नातेवाइकाला तेवढ्यात आंघोळ आटोपून, जमलं तर थोडं झोपूनही येता येतं.