प्रोसेसरच्या कॅशेमधील चुका आमचे कर्नल कशा हाताळते: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ भागावर) चालणारे उपकरण 'कॅशे एरर', म्हणजे प्रोसेसरच्या छोट्या वेगवान मेमरीत (कॅशेत) चूक, अशी नोंद करून थांबले, की ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, कर्नलने चूक दुरुस्त करून काम पुढे का चालू ठेवले नाही. पुष्कळदा ते काम चालू ठेवते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जेथे ते थांबते तेथे आम्ही ते जाणूनबुजून थांबवलेले असते.

कॅशेमधील एखादा बिट उलटण्यास वैश्विक किरणांतून निर्माण होणारे न्यूट्रॉन, चिपच्या वेष्टणातील द्रव्यांतून निघणारे अल्फा कण, अपुरा विद्युतदाब किंवा झिजत चाललेली चिप यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते. पॅरिटी बिटमुळे (माहितीसोबत ठेवलेल्या एका तपासणी बिटामुळे) अशी एका बिटाची चूक केवळ समजते. ईसीसी या चूक दुरुस्त करणाऱ्या पद्धतीमध्ये सामान्यतः ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट असतात. त्यामुळे एका बिटाची चूक दुरुस्त होते आणि दोन बिटांची निदान ओळखता येते.

पुढचा सगळा निर्णय एकाच गोष्टीवर अवलंबून असतो: बिघडलेल्या माहितीची चांगली प्रत इतरत्र शिल्लक आहे का? इन्स्ट्रक्शन कॅशेमधील मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमच्या सूचना, मेमरीत असतोच, त्यामुळे ती लाइन (कॅशेतील माहितीचा एक तुकडा) रद्द करून पुन्हा वाचली की काम भागते. राइट-थ्रू पद्धतीच्या (प्रत्येक बदल लगेच मेमरीतही लिहिणाऱ्या) डेटा कॅशेबाबतही हेच खरे आहे. राइट-बॅक कॅशेमध्ये मात्र बदललेली, पण मेमरीत अजून न उतरलेली लाइन बिघडली, तर त्या माहितीची दुसरी प्रत कोठेच नसते. अशा वेळी पुढे जाणे म्हणजे चुकीचे आकडे बरोबर मानून डिस्कवर किंवा यंत्राच्या नियंत्रणाकडे पाठवणे होय, आणि ती जोखीम आम्ही ग्राहकाच्या वतीने पत्करत नाही.

मिप्स या रचनेच्या प्रोसेसरवर हे काम विशेष नाजूक असते. ज्या कॅशेवर संशय आहे तिच्यातूनच हँडलरच्या (चूक हाताळणाऱ्या कोडच्या) सूचना वाचल्या, तर चुकीवर चूक होण्याचा धोका असतो. म्हणून प्रोसेसर केसेग१ या कॅशेविरहित पत्ताक्षेत्रातून हँडलर सुरू करतो आणि स्टेटस रजिस्टरमधील (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधील छोटी साठवणजागा) ईआरएल हा चुकीची अवस्था दाखवणारा बिट १ करतो. हँडलरपुढची पहिली अडचण रजिस्टरांची असते. के० आणि के१ ही रजिस्टरे कर्नलसाठी राखीव असली तरी ही चूक दुसऱ्या एक्सेप्शनच्या (चालू काम थांबवून हँडलरकडे वळवणाऱ्या घटनेच्या) मध्येच, उदाहरणार्थ टीएलबी हा पत्ते बदलून देणारा तक्ता भरण्याचे काम चालू असताना, येऊ शकते, आणि तेव्हा त्यांत आधीच्या हँडलरची माहिती असते. ती न पुसता जतन करण्याची सोय मिप्सच्या रचनेतच आहे: ईआरएल १ असताना वापरकर्त्याच्या पत्ताक्षेत्राचा खालचा भाग टीएलबी आणि कॅशे या दोहोंना वगळून थेट मेमरीला जोडला जातो, त्यामुळे नेहमी ० असणारे शून्य रजिस्टर आधाराला घेऊन के० तेथे ठेवता येते. त्यानंतर कॅशेएरर रजिस्टर वाचून चूक कोणत्या कॅशेत आहे ते ठरवले जाते आणि परत जाणे शक्य असेल तर एररईपीसी रजिस्टरमधील, म्हणजे काम जेथे थांबले त्या, पत्त्यावर परतले जाते. हा आरंभीचा भाग आम्ही असेंब्ली भाषेतच लिहितो, कारण सी कंपायलर स्टॅक आणि रजिस्टरे मोकळी आहेत असे गृहीत धरतो.

एक्स८६ प्रोसेसरवर, दुरुस्त न झालेल्या चुकांसाठी १८ क्रमांकाचे मशीन चेक एक्सेप्शन येते. चुकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्टरांच्या गटांपैकी (बँकांपैकी) चूक नोंदवणाऱ्या एखाद्या बँकेच्या स्टेटस रजिस्टरमधील पीसीसी बिट १ असेल, तर प्रोसेसरची स्वतःची स्थितीच भरवशाची राहिलेली नसते आणि कर्नलला थांबावेच लागते. तो ० असून बिघाड एखाद्या प्रोग्रॅमपुरता मर्यादित असेल, तर लिनक्स त्या प्रोग्रॅमला सिगबस हा संकेत पाठवून बंद करू शकते आणि बाकीची यंत्रणा चालू राहते. इंटरप्ट बंद असतानाही हे एक्सेप्शन येत असल्यामुळे ज्या कोडमध्ये ते आले त्यानेच एखादे लॉक (सामायिक माहिती एका वेळी एकालाच वापरू देणारे कुलूप) धरलेले असू शकते, आणि हँडलरने तेच लॉक मागितले तर तो अडकून पडेल. म्हणून हँडलर स्वतः सविस्तर संदेश छापत नाही, तर नोंद लॉकविरहित साठ्यात ठेवतो आणि ती नंतर बाहेर येते. एक हाताळणी पूर्ण होण्यापूर्वी दुसरे मशीन चेक आले, तर प्रोसेसर शटडाउन अवस्थेत जातो आणि मागे नोंद उरेलच असे नाही.

दुरुस्त झालेल्या चुकीची एखादी तुरळक नोंद दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र प्रोसेसरच्या एकाच गाभ्यातील (कोअरमधील) एकाच कॅशेच्या त्याच जागेवरून वारंवार नोंदी येत असतील, तर दोष बहुधा हार्डवेअरमध्ये असतो आणि कर्नल बदलून तो जात नाही. अशा नोंदी बंद करून देण्याची मागणी आमच्याकडे होते. ती आम्ही मान्य करत नाही, कारण मोठ्या बिघाडाची आगाऊ सूचना बहुधा त्यांतूनच मिळते.

हा मार्ग एरवी फारसा वापरला जात नसल्यामुळे त्याची मुद्दाम चाचणी घ्यावी लागते. काही मिप्स गाभ्यांत एररसीटीएल रजिस्टरच्या साहाय्याने कॅशेत हेतुपुरस्सर चुकीची पॅरिटी लिहिता येते. जेथे ती सोय आहे तेथे आम्ही तसे करूनच हँडलर तपासतो.

तक्रार नोंदवताना नोंदीतील रजिस्टरांच्या किमती जशाच्या तशा पाठवाव्यात, केवळ पडद्याच्या छायाचित्रावर भागवू नये. शक्य असल्यास त्या वेळचे तापमान आणि विद्युतदाबही कळवावा, आणि उपकरण बंद करून पुन्हा सुरू करण्यापूर्वी नोंदीची प्रत काढून ठेवावी, कारण वीज गेल्यावर या रजिस्टरांतील माहिती राहत नाही.